पडाव आणि वस्ती : ग्वाल्हेरचा एक सामना व एका वर्णद्वेष्ट्या राज्याची अखेर

मंगळवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९९१ रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एक दिवसाचा क्रिकेट सामना झाला. पंचेचाळीस षटकांच्या त्या सामन्यात भारताने ६ बाद २२३ धावा केल्या, पाहुण्यांचा डाव ८ बाद १८५ वर थांबला आणि भारत ३८ धावांनी विजयी झाला. खेळाच्या दृष्टीने सामना काही असामान्य नव्हता. त्यानंतर या मैदानाने याहून मोठे पराक्रम पाहिले आणि तेच लोकांच्या स्मरणात राहिले. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने ज्या मोजक्या तारखांपाशी थांबावे, त्यांत ग्वाल्हेरच्या वाट्याला आलेली ही एक तारीख आहे, असे मला वाटते. कारण त्या दिवशी या शहरात उतरलेले पाहुणे ज्या राज्याचे नागरिक होते, ते राज्य तेव्हा आपल्या अखेरच्या पर्वात होते. त्या राज्यातील बहुसंख्य जनतेला अद्याप मताधिकार नव्हता आणि मैदानावर उतरलेले त्यांचे अकराही खेळाडू गोरे होते.

एकवीस वर्षांच्या क्रीडा-बहिष्कारानंतर दक्षिण आफ्रिकेचा हा पहिलाच अधिकृत दौरा होता. १० नोव्हेंबरला कलकत्ता, १२ ला ग्वाल्हेर आणि १४ ला दिल्ली असे तीनच सामने. त्यापूर्वीच्या आठ दशकांत हा संघ भारताशी, पाकिस्तानशी किंवा वेस्ट इंडीजशी एकदाही खेळला नव्हता. त्याचे कारण क्रिकेटमध्ये नव्हते, कातडीच्या रंगात होते. मग असा संघ ग्वाल्हेरला कसा आला, त्याला येथे बोलावणे योग्य होते का, आणि त्याच्या येण्याचा त्या राज्याच्या अखेरीशी काय संबंध, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

भेदाचे राज्य

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या माणसाचे वर्चस्व जुनेच होते. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक डच कंपनीच्या वतीने केपच्या किनाऱ्यावर उतरला, तेथून ही कथा सुरू होते. जहाजांना ताजा भाजीपाला व पाणी पुरवण्यासाठी घातलेला तो एक मुक्काम होता. मुक्कामाची वस्ती झाली, वस्तीचे राज्य झाले आणि त्या वस्तीतील लोक स्वतःला आफ्रिकानर म्हणवू लागले. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांना देशातील जमिनीचा अगदी छोटा हिस्सा नेमून दिला. तो पुढे वाढवला तरी सुमारे तेरा टक्क्यांच्या पलीकडे गेला नाही.

परंतु भेदाला संपूर्ण राज्यशास्त्राचे रूप आले ते १९४८ मध्ये नॅशनल पक्ष सत्तेवर आल्यानंतर. ‘अपार्टहाइट’ या आफ्रिकान्स शब्दाचा साधा अर्थ वेगळेपण. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरात नोंदवला गेला. त्याच वर्षीच्या समूह क्षेत्र कायद्याने कोणी कोठे राहावे हे ठरले. १९५३ च्या कायद्यांनी बाक, बस, समुद्रकिनारे आणि शाळा वेगळ्या झाल्या. शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना या राज्याचे एक वैशिष्ट्य विशेष जाणवेल. हा अन्याय दंगलखोरांनी केलेला नव्हता; तो कारकुनांनी, नोंदवह्यांतून, नियमावलीच्या आधारे, शिक्के मारून केला. एखाद्या कुटुंबातील दोघा भावंडांची नोंद दोन वेगळ्या वंशांत होऊ शके आणि मग त्यांना एका वस्तीत राहता येत नसे.

या व्यवस्थेचा फटका आपल्या माणसांनाही बसला. १८६० पासून नाताळच्या ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेले तमिळ, तेलुगू व बिहारी, त्यांच्यामागून गेलेले गुजराती व्यापारी, आणि केपटाउनमध्ये स्थायिक झालेली रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान कुटुंबे या साऱ्यांना ‘एशियाटिक’ या रकान्यात घालण्यात आले. १९६६ मध्ये केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि सुमारे साठ हजार माणसांना तेथून उठवण्यात आले.

बहिष्काराची सुरुवात

या अन्यायाशी मराठी माणसाचा परिचय बराच जुना आहे. ग्रेट इंडियन महाभारतीय राजकारणाच्या धकाधकीतून वेळ काढून गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये केपटाउनला उतरले, गांधीजींसह त्यांनी तेथील भारतीयांच्या वस्त्या पाहिल्या, आणि बोथा व स्मट्स यांच्याशी वाटाघाटी केल्या. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी कायदेमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद व्हावे असा ठराव मांडला होता. करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर अखेर १९१४ मध्ये रद्द झाला. त्यासाठी हजारो मजुरांना संप करावा लागला आणि तुरुंगही पाहावा लागला, ही गोष्ट वेगळी.

१९४६ मध्ये भारतीयांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा दक्षिण आफ्रिकेत झाला. डॉ. युसुफ दादू व डॉ. मॉण्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असे करणारा भारत हा पहिला देश, आणि तेही स्वतंत्र होण्यापूर्वी. त्याच वर्षअखेरीस विजयालक्ष्मी पंडित यांनी संयुक्त राष्ट्रांत हा प्रश्न मांडला व भारताच्या बाजूने ठराव झाला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने भारतातील अस्पृश्यतेकडे बोट दाखवण्यात आले होते. तो युक्तिवाद स्वतःचे पाप झाकण्यासाठी असला तरी त्यातील आरोप खोटा नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. फरक इतकाच की आपल्या संविधानाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले, तर त्याच वर्षी त्यांच्या संसदेने माणसांची वंशवार नोंदणी सुरू केली. एक राज्य आपल्या समाजातील दोषाच्या विरुद्ध उभे राहिले. दुसरे त्या दोषावरच उभे राहिले.

पुढे बहिष्कार व्यापारापुरता राहिला नाही. १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. विजय अमृतराज व आनंद अमृतराज ऐन भरात होते, चषक जिंकण्याची शक्यता खरी होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. टेनिसमध्ये भारताला आजवर तो चषक मिळालेला नाही. बहिष्कार म्हणजे दुसऱ्याला शिक्षा असे आपण सहज म्हणतो, पण त्याची किंमत बहिष्कार घालणाऱ्यालाही मोजावी लागते, याचे हे उदाहरण विसरता कामा नये.

आतून उठलेले वादळ

बाहेरचा बहिष्कार कितीही कठोर असला तरी राज्य हलले ते आतल्या प्रतिकाराने. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवानापद्धतीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ जण ठार झाले. १९६४ मध्ये नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू, अहमद कथराडा प्रभृतींना जन्मठेप झाली. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची शाळकरी मुले आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली. त्या दिवसापासून या राज्याला पूर्वीची स्वस्थता पुन्हा कधी लाभली नाही.

१९८३ मध्ये सरकारने एक धूर्त सुधारणा केली. संसदेची तीन सदने करून गोऱ्यांबरोबर मिश्रवर्णीयांना व भारतीयांना आपापले सदन दिले; बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मात्र काहीच दिले नाही. भारतीयांना आपल्या बाजूला ओढून कृष्णवर्णीयांपासून तोडण्याचा हा डाव होता. भारतीय समाजाच्या इतिहासातील एक अभिमानास्पद क्षण येथे येतो. १९८४ च्या निवडणुकीत नोंदणीकृत भारतीय मतदारांपैकी सुमारे वीस टक्क्यांनीच मतदान केले. देऊ केलेल्या अर्ध्या खुर्चीवर बसण्यास बाकीच्यांनी नकार दिला.

याच सुधारणेला विरोध करण्यासाठी १९८३ मध्ये युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट ही आघाडी स्थापन झाली. कामगार संघटना, चर्च, विद्यार्थी, गल्लोगल्लीच्या समित्या अशा शेकडो संस्था तीत होत्या. सप्टेंबर १९८४ मध्ये व्हाल भागात भाडेवाढीवरून उठाव झाला आणि तो देशभर पसरला. जुलै १९८५ मध्ये काही भागांत व जून १९८६ मध्ये सर्व देशात आणीबाणी लागू झाली. हजारो लोक खटल्याविना स्थानबद्ध झाले. तरीही भाडे न देणे, गोऱ्यांच्या दुकानांत खरेदी न करणे, शाळेत न जाणे, संप करणे ही अस्त्रे थांबली नाहीत. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये आर्चबिशप टुटू यांच्यासह केपटाउनच्या रस्त्यावर सुमारे तीस हजारांचा मोर्चा निघाला आणि पोलिसांनी तो अडवला नाही. सरकारची हिंमत संपत आल्याचे ते पहिले जाहीर लक्षण होते.

क्रिकेटचे मैदानही या लढ्यातून सुटले नाही. जानेवारी १९९० मध्ये बहिष्कार मोडून, मोठ्या पैशाच्या आशेने, माईक गॅटिंगच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या खेळाडूंचा एक संघ दक्षिण आफ्रिकेत गेला. जागोजागी निदर्शने झाली, हॉटेलांतील नोकरांनी काम नाकारले, आणि दौरा अर्धवट गुंडाळावा लागला. तो चालू असतानाच २ फेब्रुवारी १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठवली. ११ फेब्रुवारीला मंडेला सत्तावीस वर्षांच्या कारावासातून बाहेर आले. त्याच वर्षी ते भारतात आले आणि त्यांना भारतरत्न देऊन गौरवण्यात आले.

ग्वाल्हेरला संघ कसा आला

जून १९९१ मध्ये लोकसंख्या नोंदणी, समूह क्षेत्र व भूमी हे तिन्ही कायदे रद्द झाले. त्याच महिनाअखेरीस दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांची व इतरांची अशा दोन वेगळ्या क्रिकेट संघटना एकत्र येऊन एकच मंडळ झाले. इतरांच्या संघटनेचे नेते, भारतीय वंशाचे कृष मॅकरधूज, त्या नव्या मंडळाचे उपाध्यक्ष झाले. वर्षानुवर्षे ‘अनैसर्गिक समाजात नैसर्गिक खेळ होऊ शकत नाही’ ही ज्यांची भूमिका होती, तेच आता दार उघडा म्हणत होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे स्टीव्ह त्श्वेते, ज्यांनी रॉबेन बेटावर पंधरा वर्षे काढली होती, गोऱ्या प्रशासक अली बाकर यांच्या बरोबरीने लंडनला गेले. १० जुलै १९९१ रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेत दक्षिण आफ्रिकेला पुन्हा सदस्यत्व मिळाले. हा प्रस्ताव मांडला भारताने.

तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते माधवराव शिंदे. ते लोकसभेत ग्वाल्हेरचे प्रतिनिधी होते आणि केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्रीही होते. त्या शरद ऋतूत पाकिस्तानचा नियोजित दौरा रद्द झाला होता. त्याआधी मुंबईत वानखेडेची खेळपट्टीच उखडण्यात आली होती. रिकाम्या झालेल्या त्या दिवसांत दक्षिण आफ्रिकेला निमंत्रण गेले. अवघ्या काही दिवसांच्या पूर्वसूचनेवर खास विमानाने संघ कलकत्त्याला उतरला, तेव्हा दमदम विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ईडन गार्डन्सवर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे पहिला सामना झाला. त्यात आपल्या प्रवीण आमरे यांनी पदार्पणातच ५५ धावा केल्या. तेथून संघ ग्वाल्हेरला आला.

कर्णधार क्लाइव्ह राइस तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. १९७१ मध्ये त्यांची ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवड झाली होती, पण तो दौरा रद्द झाला आणि उमेदीची सारी वर्षे निघून गेली. या तीन सामन्यांनंतर ते पुन्हा देशासाठी खेळले नाहीत. मँडी याचाड या खेळाडूच्या वाट्याला तर आयुष्यात एकच आंतरराष्ट्रीय सामना आला, आणि तो म्हणजे ग्वाल्हेरचा. राज्याने केलेल्या अन्यायाची झळ त्याच्या लाभार्थींनाही कशी लागते, याचे हे सौम्य उदाहरण. ज्यांना त्याच काळात मैदानात पाऊलही ठेवू दिले नाही, त्या कृष्णवर्णीय व भारतीय खेळाडूंची नावे मात्र धावफलकावर कधी आलीच नाहीत, हे त्याहून मोठे सत्य. दौऱ्यात संघाबरोबर अनुभव घेण्यासाठी चार तरुण आणले होते, त्यांपैकी हुसेन मनाक व फैक डेव्हिड्स हे दोघे गोरे नव्हते. पण ते प्रत्यक्ष खेळणाऱ्या संघात नव्हते.

एक योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. ज्यांच्या नावाचे हे मैदान, ते रूपसिंह ध्यानचंदांचे बंधू आणि ग्वाल्हेर संस्थानच्या सेनेतील कप्तान. वंशश्रेष्ठतेचा डंका वाजवणाऱ्या हिटलरच्या राजधानीत, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा पराभव करणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते.

घाई झाली होती का?

आता दुसरा प्रश्न. ग्वाल्हेरचा सामना झाला त्याच्या आठवडाभर आधी, ४ व ५ नोव्हेंबर १९९१ रोजी, दक्षिण आफ्रिकेत नव्या मूल्यवर्धित कराविरुद्ध कामगार संघटनांनी दोन दिवसांचा सार्वत्रिक संप केला. लाखो कामगार घरी राहिले. गोऱ्यांचे सरकार जनतेला न विचारता नवा कर लावते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. संविधानविषयक वाटाघाटींना अद्याप सुरुवातही झाली नव्हती. त्यांची पूर्वतयारीची बैठक नोव्हेंबरअखेर झाली आणि परिषद २० डिसेंबरला भरली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून भेद गेला होता, पण सत्ता होती तेथेच होती. अशा स्थितीत एका गोऱ्या संघाला हार घालणे म्हणजे काम पुरे होण्याआधी मजुरी देण्यासारखे नव्हते काय?

हा आक्षेप वजनदार आहे. पुढील अडीच वर्षांत जे घडले ते पाहता तो अधिकच वजनदार वाटतो. १७ जून १९९२ रोजी बॉइपाटाँग वस्तीवर रात्री हल्ला होऊन ४५ माणसे मारली गेली आणि वाटाघाटी मोडल्या. ७ सप्टेंबरला बिशो येथे मोर्चावर गोळीबार होऊन २८ मोर्चेकरी ठार झाले. १० एप्रिल १९९३ रोजी ख्रिस हानी या तरुणांच्या लाडक्या नेत्याची त्याच्या घरासमोर हत्या झाली. मारेकरी गोरा होता. त्याच्या मोटारीचा क्रमांक पोलिसांना कळवणारी शेजारीणही गोरीच होती. मंडेलांनी त्या रात्री दूरचित्रवाणीवरून नेमके हेच राष्ट्राला सांगितले आणि देश वणव्यातून वाचला. १९९० ते १९९४ या काळात राजकीय हिंसाचारात सुमारे चौदा हजार माणसे मेली. बंदी उठल्यानंतरची ही संख्या आहे, हे ध्यानात घ्यावे.

तरीही मला वाटते, घाई झाली नव्हती. कारण बहिष्कार केव्हा उठवायचा हे बहिष्कार घालणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याच्यासाठी तो घातला त्याने ठरवायचे असते. मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला होता. आर्थिक निर्बंधांचा दोर त्यांनी घट्ट धरून ठेवला आणि खेळाचा दोर सैल सोडला. ज्या गोऱ्या समाजाला सत्ता सोडण्यास राजी करायचे, त्याला सत्तेपलीकडे काय मिळू शकते याची चव त्यांनी दिली.

त्याचे फळ लवकरच दिसले. १७ मार्च १९९२ रोजी डी क्लर्क यांनी केवळ गोऱ्या मतदारांचे सार्वमत घेतले : वाटाघाटी पुढे न्याव्यात की नाही? त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेचा संघ ऑस्ट्रेलियात आपला पहिला विश्वचषक खेळत होता आणि उपांत्य फेरीत पोहोचला होता. ‘नाही’ असा कौल गेला तर पुन्हा तेच एकाकीपण, हे प्रत्येक घरात दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या मतदाराला दिसत होते. ६८.७ टक्के मते ‘होय’च्या बाजूने पडली. अर्थात हे सारे क्रिकेटने घडवले असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. संप, उठाव, निर्बंध व रिकामी होत चाललेली तिजोरी यांनी गोऱ्यांना त्या उंबरठ्यापर्यंत आणले होते. पण उंबरठा ओलांडायला भीती वाटणाऱ्या माणसाला पलीकडे उजेड दिसावा लागतो. कलकत्ता, ग्वाल्हेर व दिल्लीच्या प्रेक्षकांनी त्या उजेडात आपली एक पणती लावली होती.

राज्य जाते, माणसे राहतात

तिसरा प्रश्न आपल्याला, म्हणजे या पत्रिकेच्या वाचकांना, अधिक जवळचा आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्या तळाचे लष्कर झाले. पडाव या नावातही तोच अर्थ आहे. आपले पूर्वज येथे मुक्कामाला आले आणि वस्तीला राहिले. शतकाहून अधिक काळ दरबार, फौज, महसूल व शिक्षण यांत मराठी कुटुंबांचा वरचष्मा होता. ही तुलना मर्यादेतच करावयाची आहे. शिंदेशाहीने कधी माणसांची वंशवार नोंदणी केली नाही, की कोणाला जन्मावरून शहराबाहेर घातले नाही. तथापि सत्तेच्या जवळ बसलेल्या एका अल्पसंख्य समाजापुढे सत्ता जाताना जो प्रश्न उभा राहतो, तो दोन्हीकडे एकच होता : आता आपले काय?

येथे उत्तरदायी शासनाची मागणी जोर धरत गेली, आणि २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आले. जिवाजीराव महाराज राजप्रमुख झाले, लीलाधर जोशी मुख्यमंत्री झाले. संस्थानी नोकर नव्या राज्याच्या सेवेत सामावले गेले, सेवाकाल धरला गेला, निवृत्तिवेतन चालू राहिले. १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला आणि राजप्रमुखपदही गेले. १९७१ मध्ये तनखेही गेले. यांपैकी एकाही टप्प्यावर मराठी कुटुंबांनी गाठोडी बांधून नर्मदेपलीकडची वाट धरली नाही. वरचष्मा गेला, नागरिकत्व राहिले, आणि कालांतराने लक्षात आले की नागरिकत्व हीच अधिक टिकाऊ वस्तू आहे.

दक्षिण आफ्रिकेतील तडजोडीचा गाभा नेमका हाच होता. १९९२ मध्ये वाटाघाटी अडल्या, तेव्हा कम्युनिस्ट नेते जो स्लोवो यांनी, ज्यांच्या पत्नीला याच राज्याने बाँबने मारले होते, एक प्रस्ताव मांडला. काही ठराविक वर्षे संयुक्त सरकार असावे आणि जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतन सुरक्षित राहावे. अनेक लढाऊ कार्यकर्त्यांना हे कडू लागले. पण स्लोवोंनी ओळखले होते की ज्या नोकरशाहीने भेदाचे राज्य चालवले, तीच हातची गेली तर नवे राज्य पहिल्याच महिन्यात कोलमडेल. याची सत्यता मार्च १९९४ मध्ये उलट बाजूने दिसली. बोफुथात्स्वाना या कृष्णवर्णीयांसाठी आखलेल्या नामधारी ‘स्वतंत्र’ प्रदेशाचा प्रमुख मंगोपे निवडणूक नको म्हणून अडून बसला. तेव्हा तेथील सरकारी नोकरांनीच आपल्या पगाराच्या व निवृत्तिवेतनाच्या हमीसाठी संप पुकारला, पोलीसही त्यांना मिळाले आणि मंगोपेची सत्ता काही दिवसांत संपली. वरून भक्कम दिसणारे राज्य किती सामान्य माणसांच्या दैनंदिन हजेरीवर उभे असते, हे त्या आठवड्याने दाखवले.

२६ ते २९ एप्रिल १९९४ या दिवसांत निवडणूक झाली. मैलोगणती रांगा लागल्या. त्यांत घरमालकीण व मोलकरीण एकामागे एक उभ्या होत्या. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ६२.६५ टक्के मते मिळाली. १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि डी क्लर्क त्यांचे एक उपाध्यक्ष. भारताने नोव्हेंबर १९९३ मध्येच पूर्ण राजनैतिक संबंध पुन्हा जोडले होते. त्याआधी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, भारतीय क्रिकेट संघ मैत्री दौऱ्यावर गेला. दरबानच्या पहिल्याच कसोटीत आमरे यांनी पदार्पणात शतक ठोकले आणि त्याच सामन्यात ओमर हेन्री हा मिश्रवर्णीय खेळाडू दक्षिण आफ्रिकेकडून खेळला. दरबान म्हणजे करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे जेथे लागली ते बंदर.

या साऱ्याचा अर्थ सर्व काही गोड झाले असा नाही. तीन दशकांनंतरही तेथील जमिनीचा व संपत्तीचा प्रश्न धुमसतो आहे, बेकारी भयंकर आहे आणि तडजोडीत गरिबांच्या पदरी फार थोडे पडले अशी टीका तेथील तरुण पिढी करते. ती टीका चुकीची म्हणता येणार नाही. हमी मिळाली ती मुख्यतः ज्यांच्याकडे गमावण्यासारखे काही होते त्यांना. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांना मत मिळाले. मत ही मोठी गोष्ट आहे, परंतु ती भाकरी नव्हे. तरीही ज्या यादवी युद्धाचे भाकीत जगभरचे जाणकार करीत होते ते झाले नाही, आणि गोऱ्यांपैकी बहुतेक जण त्या देशातच राहिले. प्रतिकाराने जुने राज्य चालवणे अशक्य केले, हमीने ते संपणे शक्य केले. यांपैकी एकच हात असता तर टाळी वाजली नसती.

२४ फेब्रुवारी २०१० रोजी याच रूपसिंह मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा संघ पुन्हा खेळला. सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद २०० धावांमुळे तो सामना जगाच्या लक्षात राहिला. त्या गर्दीत फारसे कोणाचे लक्ष पाहुण्यांच्या संघाकडे गेले नाही. त्यात सुरतेकडील मूळ असलेल्या कुटुंबातील हाशिम अमला होता. ड्युमिनी, गिब्स, पीटरसन, पार्नेल, लँगेव्हेल्ट होते. १९९१ च्या कायद्यांआधी यांतील प्रत्येकाची नोंद वेगळ्या रकान्यात झाली असती. आता आंतरराष्ट्रीय सामने शहराबाहेर शंकरपूरच्या नव्या मैदानावर होतात. त्याला माधवराव शिंद्यांचेच नाव दिले आहे. जुन्या मैदानाच्या दाराशी १९९१ च्या सामन्याची चार ओळींची पाटी लागली, तर येणाऱ्याजाणाऱ्यांना कळेल की एका राज्याच्या अखेरीच्या प्रवासातला एक मुक्काम ग्वाल्हेरलाही पडला होता.